पंधरावी वस्तू

पेडण्यातल्या चोपड्याहून गोल्फ खेळायला निघायचं म्हणजे जवळजवळ अख्खा गोवा पायाखाली घालायचा. पेडणे हा राज्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका, काणकोण दक्षिणेकडचा. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या घरातलं. काणकोणला राजबागच्या किनाऱ्यालगत एका पंचतारांकित हॉटेलाचं नऊ होलचं मैदान आहे. त्याच्या बरंच अलीकडे, साळ नदी समुद्राला मिळते त्या मोबोरला, दुसऱ्या एका हॉटेलात बारा होलचं, आखूड पल्ल्याचं. म्हणजे शापोरा नदीवरचा पूल ओलांडून शिवोली, म्हापसा, पणजी, मडगाव असं करत जावं, तेव्हा कुठे हिरवळीवर पाय ठेवायला मिळतो. पूल नव्हता तेव्हा तर या प्रवासाची सुरुवातच धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघण्यात झाली असती.

तरी वेड लागतंच. पेडण्याच्या माणसाला गोल्फ भेटतो तो बहुधा नोकरीच्या वाटेवर. कुणी हॉटेलात कामाला असतो, कुणी प्रवासी जहाजावर, कुणी आखातात. दुबईतला एमिरेट्स गोल्फ क्लब १९८८ साली उघडला, तेव्हा त्या भागातलं हिरवळीचं ते पहिलं स्पर्धायोग्य मैदान होतं. त्याआधी तिथले हौशी लोक वाळूवरच खेळत आणि शेवटच्या हलक्या फटक्यांसाठी तेल मिसळून घट्ट केलेल्या वाळूची सपाट जागा करत. तिला ‘ग्रीन’ म्हणायची सोय नव्हती, म्हणून ‘ब्राउन’ म्हणत. वाळवंटात माणसं एवढा खटाटोप करत असतील तर या खेळाची बाधा साधी नसणार. ती घेऊन सुट्टीवर आलेला घरधनी एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा चालू असली की रात्री दोनपर्यंत टीव्हीपुढे बसतो. पाणी प्यायला उठलेल्या बायकोला पडद्यावर फक्त गवत आणि शांतपणे चालणारा एक माणूस दिसतो.

चवथीला माहेराहून येणाऱ्या वज्यात काय काय असावं हे गोव्यातल्या कुठल्याही आजीला तोंडपाठ असतं. पाडव्याच्या ओवाळणीत काय पडावं याचेही संकेत ठरलेले. गोल्फवेड्या नवऱ्याला वाढदिवसाला काय द्यावं, हे मात्र कुणाच्याच आजीनं सांगून ठेवलेलं नाही. मोबाइलवर शोधायला जावं तर पहिल्यांदा समोर येतो ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याची काठी, आणि तिची किंमत वाचून मोबाइल उपडा ठेवावा लागतो. घरखर्चातून बाजूला काढलेल्या पाचशे-हजार रुपयांत तिचं टोपरंसुद्धा येईल की नाही शंका.

ते परवडत नाही हे एका अर्थी बरंच आहे. गोल्फची काठी दुसऱ्यानं पसंत करून द्यायची वस्तूच नाही. दांड्याची लांबी, त्याची लवचीकता, जमिनीशी होणारा माथ्याचा कोन, मुठीची जाडी, हे सगळं त्या माणसाच्या उंचीला, मनगटाला आणि हात फिरवण्याच्या वेगाला जुळावं लागतं. शिवाय मोजदादीचा प्रश्न आहे. अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून नियम असा की फेरीला निघताना पिशवीत चौदाच काठ्या असाव्यात. त्याआधी काही नामवंत खेळाडू पंचवीस-तीस काठ्यांचा भारा पिशवी वाहणाऱ्या कॅडीच्या खांद्यावर लादत असत. आता पंधरावी काठी पिशवीत सापडली तर ती बाळगलेल्या प्रत्येक होलमागे दोन फटक्यांचा, पण पूर्ण फेरीत जास्तीत जास्त चार फटक्यांचा दंड बसतो. बायकोनं कौतुकानं आणलेली काठी नवऱ्यानं कौतुकानं पिशवीत ठेवली, जुनी काढायला विसरला, आणि दोघांच्या कौतुकापायी चार फटके गेले, असं खरोखर घडू शकतं.

तेव्हा भेट शोधायची ती या चौदांच्या बाहेर. तिथे मात्र भरपूर जागा आहे, कारण गोल्फच्या पिशवीत काठ्यांखेरीज जे जे असतं ते झिजतं, मोडतं, भिजतं किंवा हरवतं. हरवणाऱ्या वस्तूंची भेट कधी वाया जात नाही.

हातमोज्याचंच घ्या. गोल्फचा हातमोजा जोडीनं मिळत नाही, एकेक मिळतो, आणि उजव्या हातानं खेळणारा तो डाव्या हातात घालतो. पहिल्यांदा खरेदीला जाणारी बहुतेक माणसं इथेच फसतात. माप हवं असेल तर जुना मोजा गुपचूप काढून आतली चिठ्ठी वाचावी. बोटं मोजायला गेलात तर गुपित फुटेल. महागडे मोजे मेंढीच्या पातळ, मऊ चामड्याचे असतात आणि गोव्याच्या दमट हवेत त्यांना बुरशी धरायला पावसाळ्याचा पहिला पंधरवडा पुरतो. म्हणून एक उंची मोजा देण्यापेक्षा कृत्रिम कापडाचे दोन साधे मोजे दिलेले चांगले. एक वाळतो तोवर दुसरा हातात. पावसात खेळायचे मोजे वेगळे मिळतात, ते ओले झाल्यावर उलट घट्ट पकडतात, आणि ते तेवढे जोडीनं विकतात.

टॉवेलसाठी तर दुकानात जायचंही कारण नाही. काठीच्या माथ्याच्या खाचांत माती बसली की चेंडूला हवी तशी फिरकी मिळत नाही, म्हणून प्रत्येक फटक्यानंतर ती पुसायची असते. कंपनीचं नाव विणलेला जाड टॉवेल एकदा भिजला की दिवसभर ओलाच राहतो. सुती पंचा लवकर वाळतो, पाणी चांगलं शोषतो आणि म्हापशाच्या बाजारात एका टॉवेलच्या पैशात दोन पंचे येतात. त्याच्या एका टोकाला पितळी रिंग बसवून घेतली की पिशवीला अडकवता येतो. नवऱ्याचे श्रीमंत जोडीदार पंचा बघून हसतील, पण चौथ्या होलपाशी तोच मागून घेतील.

पण या सगळ्यांत खरी गोष्ट आहे ती टीची. टी म्हणजे पहिल्या फटक्यासाठी चेंडू ज्यावर ठेवतात ती बोटभर लाकडी खुंटी. ती निघण्याआधी खेळाडू ओल्या वाळूची चिमूट घेऊन तिचा ढीग करत आणि त्यावर चेंडू बसवत. मैदानावर जागोजागी त्यासाठी वाळूची पेटी आणि पाण्याची बादली ठेवलेली असे. हात चिखलानं माखत. बॉस्टनच्या जॉर्ज फ्रँकलिन ग्रँट या कृष्णवर्णीय दंतवैद्याला हा चिखल आवडत नव्हता. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा हार्वर्डमध्ये शिकला आणि तिथेच शिकवू लागला. त्यानं लाकडी खुंटीला रबराची वाटी बसवली आणि १२ डिसेंबर १८९९ रोजी तिचं पेटंट मिळवलं. पुढे त्यानं जे केलं ते आजच्या कुठल्याही धंदेवाईक माणसाला पटणार नाही: त्यानं टीचा धंदा केला नाही. त्या करवून घेऊन मित्रांना आणि बरोबर खेळणाऱ्यांना वाटून टाकल्या. पंचवीस-एक वर्षांनी विल्यम लोवेल नावाच्या दुसऱ्या एका दंतवैद्यानं लाल रंगाची टी बाजारात आणली आणि ती जगभर खपली. ग्रँटची टी लोकांच्या हाती आली ती भेटवस्तू म्हणून, टीचा मोठा धंदा झाला तो नंतर. दोन्ही वेळा दंतवैद्यच का, याचं उत्तर कदाचित एवढंच की बारीक खुंट्या बसवण्याची सवय त्यांच्याच हाताला.

चोपड्याच्या माणसाला ग्रँटचा कित्ता गिरवायचा तर सावंतवाडी फारशी दूर नाही. पेडणे, बांदा करत जावं आणि चितार आळीत शिरावं. १७८८ साली पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता, त्यामुळे ही वाट तशी जुनीच. चितार आळीतली लाकडी फळं, भातुकली, गंजिफांचे पत्ते सगळ्यांना ठाऊक आहेत. तिथल्या कातकाम करणाऱ्याला एक टी नमुन्यादाखल दाखवली, तर तो वेगवेगळ्या लाखेच्या रंगांत वीस-पंचवीस नग सहज कातून देऊ शकेल. लांबी साधारण सात सेंटिमीटर ठेवायची. नियमाप्रमाणे चार इंचांपेक्षा जास्त चालत नाही. पिवळी, निळी, जांभळी टी गवतातही दिसते आणि तांबड्या मातीतही. काही पहिल्याच फटक्यात मोडतील. मोडू द्याव्यात, टी मोडण्यासाठीच असते.

पुढची वस्तू नाणं. ग्रीनवर पोचलेला चेंडू पुसण्यासाठी उचलायचा असेल तर आधी त्याच्या अगदी मागे किंवा शेजारी खूण ठेवावी लागते आणि नियमाला त्यासाठी नाणं चालतं. बाजारात याकरता चुंबक लावलेल्या, रंगीत बिल्ल्यासारख्या खुणा मिळतात. त्या घेऊ नयेत असं नाही, पण गोव्यात त्या घेणं म्हणजे घरात लोणच्याची बरणी असताना पाकीट आणणं. पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या काळात, १९५८-५९ च्या सुमारास, इथे रुपया आणि टांगा जाऊन एस्कुदो आणि सेंताव्हो आले. एक जुना रुपया म्हणजे सहा एस्कुदो. १९६१ च्या डिसेंबरात ती राजवट संपली, म्हणजे या नाण्यांना चलन म्हणून जेमतेम दोन-तीन वर्षांचं आयुष्य मिळालं. दहा आणि तीस सेंताव्होंची तांबूस नाणी अजून कित्येक घरांत आजीच्या पेटीत, किंवा आजोबांच्या पानाच्या डब्यात पडलेली असतात. त्यातलं पातळ आणि छोटं निवडावं, कारण जाड नाण्याला दुसऱ्याचा चेंडू अडखळतो. विकत घ्यायची वेळ आली तर झिजलेलं घ्यावं. चकचकीत नाण्याची किंमत संग्राहक वाढवून ठेवतात, आणि खोट्या नाण्याला चकाकी जास्त असते.

चेंडूची भेट सगळ्यांत सोपी वाटते आणि तीच अवघड. सराईत खेळाडू एकाच जातीचा चेंडू वापरतो, कारण मऊ-कडकपणात फरक पडला की हलक्या फटक्याचा अंदाज चुकतो. तेव्हा पिशवीतल्या जुन्या चेंडूवरचं नाव वाचून त्याच जातीचे तीन आणावेत. बाराचा डबा घ्यायलाच हवा असं नाही. तळ्यांतून काढून स्वच्छ केलेले वापरलेले चेंडूही विकत मिळतात आणि सरावाला ते उत्तम. त्यांच्याबरोबर न पुसणाऱ्या शाईचं एक पेन द्यावं. खेळाडूनं आपल्या चेंडूवर ओळखीची खूण करावी असं नियमच सुचवतो. दुसऱ्याचा चेंडू मारला की दंड. वीस-पंचवीस रुपयांत यापेक्षा उपयोगी भेट गोल्फमध्ये नाही.

आणि चेंडूबरोबर एक कथाही देता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोल्फचा चेंडू चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकळलेली हंसाची पिसं ठासून करत. एका चेंडूला टोपीभर पिसं लागत. कुशल कारागीर दिवसाला तीन-चारच करू शके, चेंडू भिजला की फाटे आणि त्याची किंमत काठीच्या बरोबरीला जाई. खेळ श्रीमंतांचा राहिला त्यात या चेंडूचा मोठा वाटा. मग १८४८ च्या आसपास गट्टापर्चाचा, म्हणजे मलायातल्या झाडांच्या चिकाचा चेंडू आला. गरम पाण्यात मऊ करायचा, हातानं वळायचा, गार झाला की टणक. सेंट अँड्र्यूजमध्ये सांगतात ती कथा अशी की रॉबर्ट पॅटरसन नावाच्या तरुणाच्या घरी पूर्वेकडून विष्णूची एक मूर्ती आली. मूर्ती फुटू नये म्हणून तिच्याभोवती गट्टापर्चाचे तुकडे भरलेले होते. मूर्ती कुठेतरी मांडली गेली असेल. पॅटरसननं ते तुकडे वितळवून आधी जोड्याचे तळवे आणि मग चेंडू केला. कथेत मीठमसाला किती हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण गट्टापर्चानं चेंडू स्वस्त केला आणि कारागीर, दुकानदार, कारकून मैदानावर आले, हा इतिहास आहे. पिसांचे चेंडू करण्यात हयात गेलेल्या ॲलन रॉबर्टसनला ते इतकं झोंबलं की त्याचं आपला साहाय्यक टॉम मॉरिसशी यावरून बिनसलं. या नव्या चेंडूवर ओरखडे पडले की तो जास्त सरळ उडतो हेही खेळणाऱ्यांच्या ध्यानात आलं. आजच्या चेंडूवरचे तीनशे-चारशे खळगे हे त्या ओरखड्यांचे वंशज.

स्वस्ताईचा हा प्रवास मुंबईत आणखी पुढे गेला. चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासून आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांतली मुलं तिथे कॅडी म्हणून श्रीमंतांच्या पिशव्या वाहत आली, आणि घरी परतल्यावर बांधकामाच्या लोखंडी सळ्या वाकवून, टोकाला चेपून, मुठीला रबर गुंडाळून त्यांनी आपल्या काठ्या केल्या. प्लास्टिकचा चेंडू, गल्लीबोळ हेच मैदान, भिंत आणि गटार हे अडथळे. त्यातून काही जण पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. दिल्लीत कॅडींच्या जगातून वर आलेल्या अली शेरनं १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, ती भारतीय व्यावसायिकानं जिंकलेली पहिली. साधन महाग असल्यानं गोल्फ अडत नाही हे या पोरांनी सिद्ध करून ठेवलं आहे.

अडतो तो जमिनीपाशी, आणि हे पेडण्याला वेगळं सांगावं लागत नाही. अठरा होलला सव्वाशे ते दोनशे एकर लागतात. तेरेखोल नदीपलीकडे, महाराष्ट्राला चिकटून, गोव्याचं तेरेखोल हे छोटं गाव आहे. केरीहून फेरीबोटीनं जायचं. किल्ला, किल्ल्यात चर्च आणि मागे काजूच्या बागा. तिथे लीडिंग हॉटेल्स या कंपनीनं गोल्फच्या मैदानासह रिसॉर्टचा बेत आखला, तेव्हा कुळांच्या कसत्या जमिनी कुणी कुणाला कशा विकल्या इथपासून तोडल्या जाणाऱ्या झाडांपर्यंत सगळ्यावर वाद पेटला. गावकरी उभे राहिले, प्रकरण हरित लवादापर्यंत आणि न्यायालयांत गेलं. त्यामुळे पेडण्यातल्या चहाच्या टपरीवर गोल्फचं नाव काढलं तर काहींना खेळ आठवत नाही, बुलडोझर आठवतो. चोपड्याच्या गोल्फवेड्यानं या नाराजीला नाक मुरडू नये. काजूच्या बोंडांवर ज्यांचं वर्ष अवलंबून आहे त्यांचा हिशेब त्याच्या हिशेबापेक्षा पक्का असतो.

मैदान दूर, जमीन महाग. तर सराव घरी. इथे भेटवस्तूच्या कल्पनेला खरा वाव मिळतो. मोरजीच्या वाळूत चेंडू मारायचा मोह होईल, पण तिथे टेंबवाड्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि समुद्रात गेलेला चेंडू परत येत नाही, तिथेच पडून राहतो. त्यापेक्षा शापोऱ्याच्या धक्क्यावर किंवा ओळखीच्या रापणकाराकडे जुन्या जाळ्याची चौकशी करावी. गोल्फच्या चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर, वजन जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम, तारल्यांसाठी विणलेल्या जाळ्याची भोकं याहून कितीतरी बारीक. दुकानात सरावाचं जाळं म्हणून जे विकतात त्याचंच हे देशी भावंड. परसात दोन माडांच्या मध्ये बांधताना ते ताणू नये, सैल लोंबतं सोडावं, म्हणजे चेंडूचा जोर जाळ्यातच मुरतो. ताणलेल्या जाळ्यावरून तो उलटून अंगावर येतो. दुहेरी घेतलं तर उत्तम. आणि वास जाईपर्यंत चार दिवस उन्हात टाकायला विसरू नये, नाहीतर गावातली मांजरं गोल्फ शिकतील.

होलसाठी डिचोली. होलचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर; १८९१ पासून तो नियमानं ठरलेला आहे, आणि खोली किमान चार इंच. त्याआधी ज्याला जसा जमेल तसा खड्डा खणत. डिचोलीचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या माती घडवत आले आहेत; आतून १०८ मिलिमीटर तोंडाची, हातभर खोल नको, वीतभराहून थोडी कमी अशी कुंडी त्यांना मोठं काम नाही. तोंड सरळ ठेवायला सांगावं, बाहेर वळलेला काठ नको, आणि भट्टीत माती आकसते म्हणून माप सांगताना पक्क्या कुंडीचं सांगावं. तळाला भोक असू द्यावं, पावसाचं पाणी जाईल. तुळशीपुढचं अंगण शेणानं सारवलेलं असेल तर एका कडेला ही कुंडी पुरून टाकावी. चेंडू सारवलेल्या जमिनीवर कसा सरळ घरंगळतो ते पाहण्यासारखं असतं. दुबईवाल्यांचं ‘ब्राउन’ याहून फार वेगळं नव्हतं. सारवणं नंतर कुणी करायचं हे मात्र कुंडी पुरण्याआधी ठरवून घ्यावं. भेट देणारीच्या वाट्याला ते येऊ नये.

वाचणाऱ्याला पुस्तक चालतं, जुनं मिळालं तर आणखी बरं. पु. लं.चे लाडके पी. जी. वुडहाउस यांच्या गोल्फकथांचा ‘द क्लिकिंग ऑफ कथबर्ट’ हा संग्रह १९२२ चा. त्यातला क्लबातला म्हातारा प्रत्येक तरुणाला पकडून प्रेमाच्या आणि गोल्फच्या गोष्टी ऐकवतो. खेळ न खेळणाऱ्या जोडीदारालाही ते पुस्तक वाचता येतं, हा त्याचा मोठा गुण. नुसतं तंत्र शिकवणारी पुस्तकं मात्र देऊ नयेत. ‘तुला अजून खेळता येत नाही’ असा त्याचा अर्थ काही घरांत होतो.

राहिली सर्वांत महाग आणि तरी बिनपैशाची वस्तू, ती म्हणजे वेळ. अठरा होलच्या फेरीला चार-साडेचार तास लागतात. काणकोणला नऊ होलचं मैदान दोनदा खेळायचं, तेव्हा तेवढेच. त्यात चोपड्याहून जाण्या-येण्याचे तास मिळवले की रविवार संपला. घरात म्हातारी माणसं, पोरांचे अभ्यास, शेजारच्या वाड्यावरचं लग्न. खेळणारा गेला की मागे राहणाऱ्याच्या अंगावर हे सगळं पडतं. म्हणून कागदाच्या चिठ्ठीवर ‘एक रविवार, तक्रार न करता’ एवढं लिहून पाकिटात घालून दिलं तरी भेट होते. तक्रार न करता हे शब्द खोडायचे नाहीत. खेळणारी बायको असेल तर चिठ्ठी नवऱ्यानं लिहावी आणि त्या दिवशीचं जेवण हॉटेलातून न मागवता रांधून दाखवावं.

त्याच्याही पुढे एक पाऊल टाकता येतं: बरोबर जावं आणि पिशवी उचलावी. ऐकायला हमालीचं काम वाटतं, पण गोल्फमध्ये कॅडी हा खेळाडूच्या बाजूचा माणूस असतो. सल्ला द्यायची मुभा त्यालाच आणि जोडीनं खेळणाऱ्या भागीदाराला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चार दिवस पदकाच्या शर्यतीत होती.  अदितीची पिशवी होती तिच्या आईच्या खांद्यावर. त्याच्या पाच वर्षं आधी रिओत ती वडिलांनी वाहिली होती. अदिती चौथी आली, कांस्यपदक एका फटक्यानं गेलं, आणि एरवी गोल्फचं तोंड न पाहणारी हजारो घरं त्या शनिवारी पहाटेपासून टीव्हीपुढे बसून होती.

काणकोणला ऑलिंपिक नसतं, त्यामुळे शिकायला थोडंच लागतं. भरलेली पिशवी दहा-पंधरा किलोंची होते; उन्हाचे दिवस असतील तर ढकलायची गाडी भाड्यानं मिळते का ते आधी विचारावं. वाळूच्या खड्ड्यातून चेंडू निघाला की आपल्या पावलांचे ठसे दाताळ्यानं सारखे करावेत. फटका मारताना बोलू नये, आपली सावली त्याच्या रेषेवर पडू देऊ नये. खराब फटक्यानंतर ‘जाऊ दे’ म्हणू नये. पाण्याची बाटली पुढे करावी. आणि २०१९ पासून लागू असलेला एक नियम घरातल्या कॅडीनं नक्की पाठ करावा: खेळाडू पवित्रा घेऊ लागला की कॅडीनं मुद्दाम चेंडूच्या मागे, फटक्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. राहिला आणि तसाच फटका मारला गेला तर दोन फटक्यांचा दंड खेळाडूला बसतो. म्हणून नवऱ्याचा पहिला फटका मोबाइलवर टिपायचाच असेल तर तो बाजूला उभं राहून टिपावा.